अरोराचं मॉडेल : वरून पडणारा कण नेमका थांबतो कुठे?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मे २०२४ मधल्या सौरवादळातल्या अरोराचे (ध्रुवीय प्रकाशाचे) फोटो सगळ्यांनी पोटभर पाहिले असतील. लडाखमध्ये हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीसुद्धा १० मेच्या रात्री उत्तर क्षितिजाला लागून लाल झाक टिपली. तेव्हापासून वर्गात एकच प्रश्न : सर, हिरवा का, लाल का? रंगाचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. ऑक्सिजनचा अणू ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीला हिरवा आणि ६३० ला लाल, नायट्रोजनचा आयन ४२७.८ ला निळा-जांभळा. झालं. मला खरी मजा वाटते ती त्याच्या आधीच्या पायरीत. हा प्रकाश अवकाशातून हवेत घुसलेल्या कणांमुळे, मुख्यतः इलेक्ट्रॉनांमुळे पेटतो. वरून आलेला इलेक्ट्रॉन किती उंचीवर थांबतो, वाटेत कुठे किती ऊर्जा सांडतो आणि हे सगळं कागदावर कसं मांडायचं?

चाळीसगाव तालुक्यात बसून हे कशाला, असं कोणी विचारायच्या आत सांगतो : पाटणच्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला तो इथेच, १२०७ साली. आकाशाचे हिशेब करायला आम्हाला ध्रुवावर जायची गरज नाही. (हलके घ्या.)

तर मुद्दा. सारंगखेड्याच्या यात्रेत एक माणूस खिशात दहा हजार घेऊन शिरला. दर दुकानावर सरासरी पस्तीस रुपये जातात. सुरुवातीला दुकानं तुरळक, आत जावं तशी दाटी. खिसा रिकामा झाला की गडी तिथेच बसला. १० केईव्हीचा, म्हणजे दहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन हवेत शिरतो तेव्हा हेच होतं. एका आयन-जोडीमागे (रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडाला की उरलेला आयन आणि तो इलेक्ट्रॉन मिळून एक जोडी) सरासरी ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट जातात, म्हणजे साधारण २८५ जोड्या करून तो संपतो. आणि हवा खाली दाट होत जात असल्यामुळे बराचसा खर्च शेवटच्या टप्प्यातच होतो.

यातली कळीची गोष्ट अशी की थांबण्याची उंची त्याने किती किलोमीटर कापले यावर ठरत नाही. ती ठरते वाटेत किती हवा आडवी आली यावर, म्हणजे एक चौरस सेंटिमीटरच्या उभ्या स्तंभात किती ग्रॅम यावर. पृथ्वीवर आयनीभवनाचं शिखर १ केईव्हीला साधारण १५० किमीवर, १० केईव्हीला १०५ च्या आसपास, १०० केईव्हीला ८० च्या आसपास आणि १ एमईव्हीला (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टला) साधारण ६० वर येतं. ऊर्जा हजारपट वाढवली तरी शिखर जेमतेम ९० किमी खाली सरकतं, कारण घनता खाली उतरताना घातांकी वाढते. पोरांना हा आलेख काढायला लावला की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही.

प्रश्नचिन्ह

सर, धागा मस्त. पण एक शंका. इलेक्ट्रॉन इतका हलका, तो सरळ रेषेत खाली थोडाच जाणार? नायट्रोजनच्या रेणूला धडकून वळेल, काही तर परत वर जातील. शिवाय प्रत्येक आयन-जोडीतून नवा इलेक्ट्रॉन सुटतो, त्याच्याकडेही थोडीफार ऊर्जा असते. तुमच्या यात्रेच्या हिशेबात हे कुठे बसतं?

गिरणाकाठ

बसत नाही. म्हणूनच मॉडेलं तीन जातींची आहेत.

पहिली सगळ्यात स्वस्त. प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन हवेत किती खोल जातो आणि ऊर्जा कशी वाटत जातो ते मोजून ठेवलेलं आहे. ते वक्र घ्यायचे आणि खऱ्या वातावरणावर ताणून बसवायचे. रीस यांनी १९६३ मध्ये हे केलं आणि अजून चालतं. फँग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १०० इलेक्ट्रॉनव्होल्टपासून १ एमईव्हीपर्यंत एकेका ऊर्जेसाठी सूत्रं बसवून दिली. मोठी हवामान-मॉडेलं अख्ख्या पृथ्वीच्या वरच्या वातावरणाचं गणित करतात, त्यांना प्रत्येक ठिकाणी प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या मागे धावणं परवडत नाही. त्यांना असं तयार सूत्रच लागतं.

दुसरी जात प्रवाहांची. सगळ्यात साध्या रूपात दोनच प्रवाह धरायचे, एक वरून खाली आणि एक खालून वर. प्रत्येक उंचीवर, प्रत्येक ऊर्जेला किती इलेक्ट्रॉन वळले, किती मंदावले, किती नवे जन्मले हे समीकरणात मांडायचं. बँक्स आणि नागी यांनी १९७० मध्ये ही मांडणी दिली. सॉलोमन यांचं 'ग्लो' हे मॉडेल याच घराण्यातलं. ते खुलं आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. आम्ही तेच वापरतो. दोनऐवजी अनेक कोन धरले की बहुप्रवाही मॉडेल, काम वाढतं.

तिसरी माँटे कार्लो. एकेक कण सोडायचा, फासा टाकायचा, धडक कुठे, कोणाशी, किती अंशात. लाखो कण सोडले की सरासरी मिळते. सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात वेळखाऊ. तुझे परत वर जाणारे इलेक्ट्रॉन इथे नीट सापडतात.

तुझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर : हे दुय्यम इलेक्ट्रॉनच प्रकाशाचे खरे कारागीर आहेत. ऑक्सिजनच्या अणूला हिरव्या रेषेच्या पातळीवर चढवायला सव्वाचार इलेक्ट्रॉनव्होल्टसुद्धा लागत नाहीत, लाल पातळीला तर दोनच्या आसपास. दहा हजारांचा इलेक्ट्रॉन असल्या चिल्लर कामाला फारसा उपयोगाचा नाही, ते काम कमी ऊर्जेच्या पिलावळीचं. (हिरव्या पातळीला नायट्रोजनच्या उत्तेजित रेणूकडून आणि आयनांच्या पुनर्मीलनातूनही रसद मिळते. ते प्रकरण मोठं आहे, आज नको.)

उत्तरेची_वारी

माहेर अमळनेर, सध्या मुक्काम उत्तर नॉर्वेत. इथे बाल्कनीतून जे दिसतं ते सांगते, मॉडेलवाल्यांनी जुळवून घ्यावं.

जोराचा पट्टा आला की त्याची खालची कड सुरीने कापल्यासारखी ठसठशीत दिसते. वरची बाजू मात्र विरत जाते, कुठे संपली सांगता येत नाही. हिरवा सेकंदासेकंदाला लवलवतो. लाल असेल तर तो कायम वरच्या अंगाला, मंद, सुस्त, जागचा हलत नाही. कधी कधी खालच्या कडेला गुलाबी-जांभळी किनार धावत जाते, दोन-तीन सेकंदांत गायब. मोबाईलमध्ये ती येईपर्यंत संपलेली असते.

गिरणाकाठ

ताई, तुम्ही अख्खा धडाच चार ओळींत सांगितला.

खालची कड ठसठशीत, कारण इलेक्ट्रॉन थोड्याच किलोमीटरांत उरलीसुरली ऊर्जा टाकून थांबतात. हिरव्या पातळीचं आयुष्य पाऊण सेकंदाच्या आसपास, म्हणून तो लवलवू शकतो. लाल पातळीचं आयुष्य जवळजवळ ११० सेकंद. इतका वेळ अणूला कोणी धक्का मारला नाही तरच तो लाल प्रकाश देणार. २०० किमीच्या खाली हवा इतकी दाट की तेवढ्यात कोणीतरी रेणू येऊन ऊर्जा काढून घेतो. म्हणून लाल वर, आणि म्हणूनच सुस्त. गुलाबी किनार नायट्रोजनची : इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेचे आले, १०० किमीच्याही खाली घुसले, तिथे ऑक्सिजनचे सुटे अणू कमी आणि हिरव्यालाही विझवणारे शेजारी जास्त.

भुसावळ_जंक्शन

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, हौशी रेडिओवाला. मला रंगांशी घेणंदेणं नाही, इलेक्ट्रॉनची घनता सांगा. रेडिओलहरी त्यावर परावर्तित होतात. हिशेब असा आकड्यानिशी करून दाखवा की कागद-पेन्सिलने पडताळता येईल.

गिरणाकाठ

काका, हा घ्या. चौरस मीटरमागे १ मिलिवॉट ऊर्जा येते असं धरू, म्हणजे बऱ्यापैकी दिसणारा पण भयंकर नसलेला अरोरा. ही ऊर्जा चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला ६२,४०० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. ३५ ने भागा : सुमारे १,७८० कोटी आयन-जोड्या. त्या साधारण २० किमी जाडीच्या थरात वाटल्या गेल्या. २० किमी म्हणजे २० लाख सेंटिमीटर, तर घनसेंटिमीटरमागे सेकंदाला सुमारे ९ हजार जोड्या.

आता दुसरी बाजू. आयन आणि इलेक्ट्रॉन परत एकत्रही येतात. त्याचा वेग घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि त्या उंचीवर गुणांक साधारण एक कोटीत तीन (घनसेंटिमीटर प्रतिसेकंद). जमा आणि खर्च सारखा धरला तर घनता म्हणजे ९ हजार भागिले गुणांक, त्याचं वर्गमूळ. उत्तर पावणेदोन लाख इलेक्ट्रॉन प्रति घनसेंटिमीटर. एरवी रात्री त्या थरात काही हजारच असतात. आणि वरचा मारा थांबला की ही गर्दी वीस-पंचवीस सेकंदांत निम्म्यावर येते.

ग्लोला हेच विचारलं तर शिखर थोडं इकडेतिकडे, पण आकडा याच घरात. कागदावरचा हिशेब आणि मॉडेल यांत दहापट फरक आला तर पोरांना मी आधी एककं तपासायला बसवतो.

भुसावळ_जंक्शन

पडताळलं, जुळतं. ध्रुवाकडचे हौशी लोक अतिउच्च कंप्रतेचे सिग्नल अरोरावरून परतवतात, आवाज घोगरा येतो, हे ऐकून होतो. आता कारण आकड्यात दिसलं.

शिरपूरना_अप्पा

राम राम मंडळी. बठ्ठं वाची काढं, निम्मं समजनं. माले इतलंच सांगा, हाई वरतून पडनारं जे काय शे ते आमना शिरपूरले पडस का? मांगला साले ड्रोनघाई फवारनी कराले गऊत, त्याना जीपीएस भटकना. पोरगा म्हने सूर्याना वादळ व्हतं.

गिरणाकाठ

राम राम अप्पा. शिरपूरला हे कण पडत नाहीत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे जवळजवळ आडवं आहे, चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीजवळून जातं. आडवं आलेलं क्षेत्र ओलांडून आपल्या डोक्यावर यायला प्रोटॉनला १५ गिगाव्होल्टच्या पुढची ताकद लागते, आणि अरोराचे कण त्याच्यापुढे किरकोळ. ते क्षेत्ररेषा धरून ध्रुवाभोवतीच्या कड्यात उतरतात.

जीपीएसचं म्हणाल तर वादळाचा परिणाम आपल्यापर्यंत पोचतो, पण दुसऱ्या वाटेने. वादळात विद्युतक्षेत्र विषुववृत्ताकडे शिरतं आणि आयनांबराचा (वरच्या हवेतल्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या थराचा) फुगवटा जागा बदलतो. तो फुगवटा एरवी अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात असतो, म्हणजे खान्देशाच्या शेजारीच. त्यातून येताना उपग्रहाचा सिग्नल रेंगाळतो. शिवाय ध्रुवाकडे तापलेली हवा वारे घेऊन इकडे सरकते. तुमचा ड्रोन त्या दिवशी याच कारणाने भटकला का, ते तारीख कळल्याशिवाय सांगणार नाही. ड्रोनचं होकायंत्र लोखंडी शेडजवळ जुळवलं असेल तरी तेच होतं.

प्रश्नचिन्ह

अवांतर : मग तोरणमाळहून अरोरा कधीच दिसणार नाही का? व्हॉट्सॲपवर एक लाल फोटो फिरत होता.

उत्तरेची_वारी

तो फोटो मलाही तिघांनी पाठवला, अगदी विश्वासाने. त्यात झाडामागे वणव्याचा धूर स्पष्ट दिसतोय.

गिरणाकाठ

'कधीच नाही' म्हणता येत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहून अरोरा दिसल्याची नोंद आहे. भूमिती करून बघ : लाल प्रकाश ४०० किमीवर असेल तर तो सुमारे २,२०० किमी लांबून क्षितिजावर दिसू शकतो, अक्षांशात सांगायचं तर वीस अंश. तोरणमाळ बावीस अंशांच्या आसपास, म्हणजे बेचाळीसच्या अलीकडे लाल पट्टा उतरला तरच. हिरव्याची आशाच सोड, तो शंभर-सव्वाशे किमीवर असतो, क्षितिजाखालीच राहतो.

कॅरिंग्टनच्या १८५९ च्या वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आलेलं नोंदवलं गेलं, आजही जगभरचे अभ्यासक ती नोंद काढून बसतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं.

एक सावधगिरी. कमी अक्षांशांवर लाल दिसलं म्हणजे वरून कण कोसळले असंच नाही. पृथ्वीभोवतीच्या वलयी प्रवाहातली उष्णता क्षेत्ररेषांवरून खाली झिरपते, तिथलेच इलेक्ट्रॉन तापतात आणि ऑक्सिजनला लाल पातळीवर चढवतात. त्याला स्थिर लाल कमान म्हणतात. तिथे आमचं कण पाडणारं मॉडेल चालवलं तर हकनाक चुकीचं उत्तर येईल.

प्रश्नचिन्ह

आता ग्रहांकडे वळा सर. शीर्षकात नाही पण मला मंगळ हवाय.

गिरणाकाठ

मंगळ मलाही हवा होता. पृथ्वीवर सबंध ग्रहाचं क्षेत्र आहे, मंगळावर नाही. दक्षिण गोलार्धात कवचात गोठलेल्या क्षेत्राचे तुकडे तेवढे उरलेत. त्यामुळे तिथे तीन वेगळ्या तऱ्हा सापडल्या. मार्स एक्सप्रेस यानाने या तुकड्यांच्या वर ठिपक्यांसारखा अरोरा पाहिला. मेव्हन यानाने डिसेंबर २०१४ मध्ये उत्तर गोलार्धभर पसरलेला विरळ अरोरा पाहिला, ६० किमीच्या आसपास उतरलेला. आता सांग, इतक्या खाली यायला इलेक्ट्रॉन किती केईव्हीचा लागेल?

प्रश्नचिन्ह

शंभरच्या घरात?

गिरणाकाठ

बरोबर, शंभराच्या घरात आणि पुढेही. म्हणजे ते साधे सौरवाऱ्याचे इलेक्ट्रॉन नव्हते, सूर्यावरच्या उद्रेकात वेग घेतलेले होते. उंचीवरून ऊर्जा काढली, ऊर्जेवरून उगम. मॉडेल उलटं चालवण्याचा फायदा हा.

तिसरी तऱ्हा प्रोटॉनची, आणि ती चक्क दिवसा. सौरवाऱ्यातला प्रोटॉन मंगळाभोवतीच्या पसरट हायड्रोजनमधून एक इलेक्ट्रॉन उचलतो आणि उदासीन अणू होतो. उदासीन झाल्यावर चुंबकीय अडथळा त्याला अडवत नाही, तो थेट आत येतो आणि अतिनील प्रकाश देतो. आपल्याकडेही प्रोटॉन असेच रूप बदलत खाली येतात. उदासीन असताना क्षेत्ररेषा सोडून भटकतात, त्यामुळे मूळ झोत अरुंद असला तरी प्रोटॉनचा अरोरा पसरट दिसतो. नुसत्या उभ्या रेषेवर चालणाऱ्या मॉडेलात हे भटकणं निसटतं, माँटे कार्लोच हवं.

आणि मार्च २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स या बग्गीने मंगळाच्या जमिनीवरून हिरवी रेषा टिपली. तिथे ऑक्सिजनचा अणू येतो मुख्यतः कार्बन डायऑक्साईड फुटून. वायू वेगळा, रेषा तीच, ५५७.७.

भुसावळ_जंक्शन

गुरूचं काय? तिथे तर कायमचा दिवा लागलाय म्हणतात.

गिरणाकाठ

कायमचा आणि अवाढव्य. हायड्रोजनचे रेणू अतिनीलमध्ये चमकतात. खोल गेलेल्या इलेक्ट्रॉनचा प्रकाश वर येताना मिथेनच्या थरातून येतो आणि मिथेन त्यातल्या आखूड तरंगलांबी गिळतो. किती गिळलं यावरून इलेक्ट्रॉन किती खोल गेले ते कळतं. शिवाय गुरूचा चंद्र आयो, त्याच्या ज्वालामुखींचं गंधक आणि ऑक्सिजन आयन होऊन ध्रुवांवर कोसळतात, तिथून क्ष-किरण येतात. इलेक्ट्रॉनच्या मॉडेलात जड आयन टाकताना त्यांची विद्युतभार सोडण्या-धरण्याची साखळी वेगळी लिहावी लागते, दोन ओळी बदलून भागत नाही.

गुरूच्या वरच्या वातावरणाचं तापमान ७०० केल्विनच्या घरात आहे, नुसत्या सूर्यप्रकाशाने ते २०० च्या आसपास असायला हवं. अरोराची उष्णता ध्रुवांकडून पसरत येते असं २०२१ मध्ये तापमानाच्या नकाशांवरून दाखवलं गेलं.

पण गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाने खरी गंमत केली. पृथ्वीवरच्या ठसठशीत पट्ट्यांत इलेक्ट्रॉन बहुधा एका विशिष्ट ऊर्जेभोवती गोळा झालेले असतात, जणू सगळ्यांना एकाच उंचीवरून ढकललंय. गुरूवरही तेच असणार असं धरून मॉडेलं लिहिली गेली. २०१७ मध्ये छापलेल्या मोजमापांत दिसलं की सगळ्यात तेजस्वी भागात ऊर्जा पसरट विखुरलेली आहे, शिखर नाहीच. इथे माझं ठाम मत नोंदवतो : लोक धडकांचे काटछेद (धडक होण्याची शक्यता किती, त्याचं माप) सुधारत बसतात, पण मॉडेल फसतं ते वरच्या कडेवर, आत काय आणि किती येतंय हे नीट माहीत नसल्यामुळे.

उत्तरेची_वारी

असहमत, थोडी. इथल्या रडारवाल्यांशी गप्पा झाल्या की ते म्हणतात, वरची कड उपग्रहाने मोजलेली असली तरी वातावरण स्वतःच चुकीचं धरलेलं असतं. वादळात ऑक्सिजन आणि नायट्रोजनचं प्रमाण बदलतं, थर फुगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकच्या ४९ पैकी चाळीसेक उपग्रह अशाच फुगलेल्या हवेने ओढून खाली आणले ना?

गिरणाकाठ

मान्य, ताई, तो मुद्दा वजनदार आहे. (त्या फुगण्यात कणांपेक्षा आयनांबरातल्या विद्युतप्रवाहांच्या उष्णतेचा वाटा मोठा असतो, पण ते प्रवाह वाहायला कणांनी वाढवलेली वाहकताच लागते.) आणि उलट्या हिशेबात तर तुमचीच अडचण पहिली येते. ४२७.८ च्या निळ्या तेजावरून एकूण ऊर्जा बऱ्यापैकी निघते. लाल आणि निळ्याच्या गुणोत्तरावरून सरासरी ऊर्जा काढतात, पण त्यात ऑक्सिजनची घनता चुकली की इलेक्ट्रॉन मवाळ होते की हवेतच ऑक्सिजन जास्त होता, हे वेगळं करता येत नाही.

प्रश्नचिन्ह

मग मी मंगळासाठी सूत्रांवर आधारलेलं साधं मॉडेल लिहून बघतो. पृथ्वीचं वातावरण काढून मंगळाची घनतेची फाईल लावली की झालं ना?

गिरणाकाठ

तेवढ्याने नाही. ती सूत्रं पृथ्वीच्या हवेवर बसवलेली आहेत, कार्बन डायऑक्साईडसाठी जशीच्या तशी चालणार नाहीत. आयन-जोडीमागचा खर्चही थोडा वेगळा. आधी फक्त स्तंभातल्या हवेचा हिशेब कर, गुरुत्व ३.७ घे, ९.८ नको. जमिनीपर्यंतचा स्तंभ चौरस सेंटिमीटरला १६ ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे, पृथ्वीवर तो हजारावर असतो. तो आकडा जुळला की फाईल इथे टाक, काटछेदांचं मग बघू.

शिरपूरना_अप्पा

ड्रोननी तारीख सापडनी का सांगस. शेड लोखंडनंच शे.